दोन म्हार्दोळ, दोन नार्वे

श्रीमंगेशाच्या किंवा श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास निघालेला भाविक बरोबर नारळ घेतो, फुले घेतो, घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नवस घेतो. नकाशा कोणी घेत नाही. देवाचे मूळ स्थान कोठे, असे कोणा मुलाने विचारले तर 'नदीपलीकडे, साष्टीत' एवढे सांगून आपण मोकळे होतो. पण हे 'पलीकडे' म्हणजे नेमके किती दूर? या एका प्रश्नापायी आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक जुने पत्रक मिळवून पुढ्यात पसरले. क्रमांक ४८ ई/१५. प्रमाण दोन सेंटिमीटरास एक किलोमीटर.

प्रथम निराशाच पदरी पडली. सह्याद्रिखंडातली कुशस्थळी, जिला घरी आपण कुठ्ठाळी म्हणतो, ती काही केल्या सापडेना. सापडावी कशी? पोर्तुगीज वळणाने ती तेथे 'कोर्टालिम' होऊन बसली होती. केळशीचे 'केलोसिम' झाले होते आणि लोटलीचे 'लौटोलिम'. तेव्हा जुना नकाशा वाचणाराने पहिले काम करावे ते हे, की शेजारी कोरा कागद घेऊन गावांची घरगुती नावे लिहून काढावी. हे काम वडील माणसांना जवळ बसवूनच होते, पुस्तकांतून होत नाही.

नावांची गाठ सुटली आणि मग एक गोष्ट एकाएकी डोळ्यांत भरली. श्रीमंगेशाची कुशस्थळी व आजची मंगेशी, शांतादुर्गेची केळशी व कवळे, म्हाळसेचे वेर्णे व म्हार्दोळ, या तिन्ही जोड्या त्या एकाच कागदावर आहेत! पट्टी लावून पाहिली, तर सरळ रेषेत प्रत्येक अंतर दहा किलोमीटरांच्या आतले. देव रात्रीच्या काळोखात दूरच्या परमुलखात गेले, अशी समजूत आपण लहानपणापासून उराशी बाळगलेली असते. परमुलूख खरा, दूर मात्र नव्हे.

याचे कारण नकाशावरच्या निळ्या पट्ट्यात आहे. १५४३ मध्ये साष्टी व बारदेश पोर्तुगीजांकडे गेले. परंपरा सांगते की श्रीमंगेशाचे लिंग १५६० मध्ये हलविले गेले. साष्टीतील देवळांचा सरसकट विध्वंस झाला तो १५६७ साली. जुवारीच्या पलीकडचे अंत्रुज त्या वेळी आदिलशाहीत होते आणि पुढे सोंधेकरांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले ते थेट १७६३ मध्ये. म्हणजे ती नदी ही केवळ नदी नव्हती, राज्याची सीमा होती. ती ओलांडली की फिरंग्यांचा हुकूम संपत होता. आमच्या पूर्वजांनी जितके जावे लागले तितकेच अंतर तोडले, आणि घरशेताच्या आसपासच देवाला ठेवले. आम्हांला तरी यात पळून जाण्यापेक्षा हिशेबी धैर्य अधिक दिसते.

जागा निवडण्यातही तोच विचार असावा. समान उंची दाखविणाऱ्या तपकिरी रेषा नीट पाहाव्या. मंगेशी आणि म्हार्दोळ उघड्या नदीकाठी नाहीत, डोंगरमाथ्यावरही नाहीत. टेकड्यांच्या कुशीत, व्हाळाच्या पाण्यावर पोसलेल्या कुळागरांच्या शेजारी आहेत. पूजेस पाणी, अन्नास शेत आणि नजरेआड होण्यास डोंगर, असा तो ठाव आहे.

नकाशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जे देऊळ उभे आहे त्याचीच खूण तो देतो. जे पाडले गेले त्याबद्दल तो मुका असतो. तेथे १५६७ च्या फोरालांचा आधार घ्यावा लागतो. देवळांच्या जमिनी हिरावून घेण्यासाठी ज्यांनी त्यांची मोजदाद केली, त्यांच्याच त्या नोंदी! देवळांच्या नावांचा व जमिनींचा पत्ता आज त्यांतूनच लागतो. दैवगतीचा हा विनोद कडू आहे खरा.

मात्र गावांची नावे मुकी नसतात. वेर्ण्यात म्हाळसेचे जे मूळ स्थान, त्याला 'जुने म्हार्दोळ' म्हणतात. देवीबरोबर नावही नदी उतरून गेले. वेर्ण्याच्या पठारावर आज औद्योगिक वसाहत पसरली आहे. जुन्या पत्रकात तिचा मागमूस नाही, तेथे पठार उघडे आहे. वाड्यांची आणि व्हाळांची नावे तोंडपाठ असणारी माणसेही झपाट्याने कमी होत चालली आहेत. महाजनांनी आपापल्या देवस्थानासाठी असे एक पत्रक घेऊन त्यावर ही नावे आताच भरून ठेवावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

लगतच्या उत्तरेकडील पत्रकावर असेच दोन नार्वे आहेत, एक दिवाडी बेटावर आणि दुसरे समोर डिचोलीच्या बाजूस. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर पहिल्यातून दुसऱ्यात आले आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी तेथे देवळाचा जीर्णोद्धार केला. दिवाडीवर कोटितीर्थाचे तळे अजून आहे. दोन्ही नार्व्यांमधली निळी पट्टी नकाशावर बोटाच्या एका पेराखाली झाकून जाते. तेथून फेरीबोट सुटते. पत्रक घडी करून खिशात घालावे आणि तिच्यात बसावे.