मधूकासव आणि औषधाचें माध्यम

केळापूर तालुक्याच्या रानांत मोह पुष्कळ. 1905 पर्यंत हा मुलूख वणी जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें. येथील गोंड व कोलाम वस्तींत मोहाचें फूल अन्न आणि पेय या दोन्ही नात्यांनीं परिचित आहे. त्याचें तिसरें नातें वैद्यकाशीं आहे, आणि त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ग्रहणीरोगावर मधूकासव सांगितलें आहे. मधूक म्हणजेच मोह. पुढें शार्ङ्गधरानें कच्च्या औषधि-जलापासून होणारें तें आसव व काढ्यापासून होणारें तें अरिष्ट, असा भेद केला. गूळ किंवा मध आणि धायटीचीं फुलें घालून संधान केलें म्हणजे मद्यार्क औषधांतच हळूहळू उत्पन्न होतो. वनस्पतींचे जे अंश नुसत्या पाण्यांत नीट उतरत नाहींत, त्यांपैकीं पुष्कळ या मिश्रणांत उतरतात. दुर्विद्राव्य औषधासाठीं द्रावक बदलण्याची युक्ति ती हीच.

परंतु द्रावक बदलणें निर्धोक नाहीं. सल्फानिलामाइड हें गुणकारी औषध पाण्यांत फार थोडें विरघळे. 1937 सालीं अमेरिकेंतील टेनेसी संस्थानच्या एका कारखान्यानें तें डायएथिलीन ग्लायकॉलमध्यें विरघळवून विकलें. रंग, रुचि व गंध तपासले. विषारीपणा तपासला नाहीं. 105 माणसें दगावलीं, त्यांत 34 बालकें होतीं. मारक ठरलें तें औषध नव्हे, माध्यम. 1938 चा अमेरिकन औषध-कायदा या अनर्थांतून निघाला.

तेंच विष 1986 सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळीच्या ग्लिसरिनांतून रोग्यांच्या पोटांत गेलें व 14 जण मरण पावले; न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. तेथें ग्लिसरिन स्वतःच औषध म्हणून दिलें होतें. पण अनेक पातळ औषधांचें माध्यमही तेंच असल्यामुळें बोध बदलत नाहीं. 2025 सालीं तर आमच्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधांतील याच द्रव्यानें अनेक बालकांचा बळी घेतला.

जुन्या कृतींत पाणी किती, गूळ किती, भांडें कोणतें, संधान किती दिवस, हें सारें औषधींच्या बरोबरीनें सांगितलेलें असतें. माध्यम हा औषधाचाच भाग होय, ही जाणीव त्यांत आहे. यासाठीं वैद्यकाचीं बाडें पाहणाऱ्या संशोधकांनीं वनस्पतींच्या नांवांबरोबर माध्यमाचीही नोंद अवश्य घ्यावी, अशी आमची विनंति आहे.