शास्त्री, पंडित, पंतोजी : विद्वत्तावाचक शब्दांचा एकोणिसाव्या शतकातील प्रवास

मराठी भाषेत विद्वत्तेचा निर्देश करणारे शब्द विपुल आहेत. विद्वान, पंडित, शास्त्री, व्युत्पन्न, बहुश्रुत, आचार्य, ज्ञानी हे शब्द कोशांत एकमेकांशेजारी, समानार्थी म्हणून मांडलेले आढळतात. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास ते समानार्थी मानता येत नाहीत. कोणाला कोणता शब्द लावावा हे केवळ ज्ञानावर ठरत नसे. जात, लिंग आणि राजाश्रय यांचा त्यात मोठा वाटा होता. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही शब्दांचा विचार केला आहे.

शिवकालात अष्टप्रधानांपैकी एक पद ‘पंडितराव’ हे होते. धर्मविषयक निर्णय व दानधर्म हे त्याचे कार्यक्षेत्र. म्हणजे पंडित हा शब्द येथे गुणवाचक न राहता पदवाचक झालेला दिसतो. पेशवाईत श्रावणमासातील दक्षिणेमुळे विद्वत्तेची प्रतवारी अधिक काटेकोर झाली. वेद मुखोद्गत असणारा तो वैदिक, त्यातही दशग्रंथी, घनपाठी अशा पायऱ्या होत्या. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र यांचे अध्ययन केलेला तो शास्त्री. पाठांतर आणि अर्थज्ञान यांतील हा भेद त्या काळी सर्वांना ठाऊक होता. आज आपण दोघांनाही सरसकट ‘पंडित’ म्हणतो आणि तो भेद हरवून बसतो. विद्वत्तेविषयीचा उपहासही जुनाच आहे. रामदासांनी दासबोधात ‘पढतमूर्ख’ या लक्षणासाठी स्वतंत्र समास योजला आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली, परंतु दक्षिणा लगेच बंद पडली नाही. इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि शास्त्री घडविण्याचे काम नव्या सत्तेच्या छायेत चालू राहिले. १८४९ मध्ये नवशिक्षितांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्यासाठी वापरावा असा अर्ज केला. लोकहितवादी त्यात अग्रभागी होते. जुन्या मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला, यात नवल नाही. कारण वाद पैशाचा असला तरी मुळात विद्वान कोणाला म्हणावे हाच प्रश्न होता.

या प्रश्नाला सर्वांत धारदार रूप दिले ते एका शाळकरी मुलीने. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील मुक्ताबाई साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या समाजाचे दुःख सांगताना ती थेट पंडितांना संबोधते आणि त्यांचे स्वार्थी ज्ञान बाजूला ठेवून आपले म्हणणे ऐकण्यास बजावते. येथे ‘पंडित’ हा गौरवाचा शब्द आरोपाचा शब्द होतो. मराठी गद्यात या शब्दाचा असा उपयोग इतक्या लवकर झाला, याची आपल्या वाङ्मयेतिहासांनी पुरेशी दखल घेतली नाही, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. पुढे १८६९ मध्ये फुल्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर पवाडा रचला. ‘पंतोजी’ हा शिक्षकासाठी रूढ असलेला आदरार्थी शब्दही त्यामुळे टीकेचा विषय झाला.

स्त्रीला हा शब्द मिळाला तोही महाराष्ट्राबाहेर. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, तरी ‘पंडिता’ हे उपपद त्यांच्या नावापासून सुटले नाही.

याच काळात शब्दांचे मोल बदलत होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांच्यापैकी संस्कृतचे गाढे अभ्यासक असलेले भांडारकर ‘शास्त्री’ झाले नाहीत; गॉटिंगेन विद्यापीठाच्या १८८५ मधील सन्मानानंतर ते ‘डॉक्टर’ झाले. उलट निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर डेक्कन कॉलेजचे पदवीधर. पाठशाळेचे शास्त्री नव्हेत. कृष्णशास्त्र्यांच्या पुत्राकडे ‘शास्त्री’ हा शब्द घराण्याचा वारसा म्हणून आला. ‘विष्णुशास्त्री पंडित’ या नावात तर एक शब्द उपाधी आणि दुसरा आडनाव आहे.

विद्यापीठीय पदवी जन्मावर अवलंबून नव्हती. आरंभी तिचा लाभ बहुतांशी उच्चवर्णीयांनाच झाला, हे खरे; परंतु शास्त्री होण्यासाठी जी दारे बंद होती ती येथे निदान नियमाने बंद नव्हती. १९२३ मध्ये लंडनची डी.एस्‌सी. आणि १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. मिळविणाऱ्या आंबेडकरांना ‘डॉक्टर’ म्हणण्यास कोणत्याही धर्मसभेच्या मान्यतेची गरज उरली नव्हती. त्यांच्या अनुयायांनी मात्र त्यांच्यासाठी विद्वत्तेच्या कोशातला कोणताच शब्द घेतला नाही. ‘बाबासाहेब’ हा घरगुती शब्द निवडला.