महाल (नागपूर) : मताधिकार व निवडणूक सुधारणा

महाल हा भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वसलेला नागपूरचा जुना भाग. गांधी गेट, बडकस चौक, चिटणीस पार्क व केळीबाग रस्ता हा त्याचा परिसर. महापालिकेचा टाऊन हॉल येथेच असल्याने शहराच्या प्रातिनिधिक कारभाराशी महालाचे नाव जोडले गेले. विधानसभेसाठी हा भाग नागपूर मध्य मतदारसंघात येतो.

मर्यादित मताधिकार : नागपूर नगरपालिका १८६४ मध्ये, तर मध्य प्रांताचे विधिमंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. १९१९ च्या भारत सरकार कायद्याने मतदारांची संख्या वाढली. मात्र मत मालमत्ता व कर यांच्या पात्रतेवरच मिळे. विणकर, मजूर व अस्पृश्य मानलेल्या जातींतील बहुसंख्य लोक यादीबाहेर राहिले. १९२३ मध्ये स्वराज्य पक्षाला या प्रांतात स्पष्ट बहुमत मिळाले. डॉ. बा. शि. मुंजे हे त्याचे येथील प्रमुख नेते.

ऑगस्ट १९३० मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गांची अखिल भारतीय परिषद भरली. १९३२ मध्ये मुंजे व दलित नेते एम. सी. राजा यांच्यात संयुक्त मतदारसंघ व राखीव जागांविषयी करार झाला. आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. त्याच वर्षीच्या पुणे करारात या मुंजे-राजा कराराचा वाटा किती, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

स्त्रियांचा मताधिकार : या विषयाचा सर्वांत मोलाचा धागा अनसूयाबाई काळे यांच्या कारकिर्दीत सापडतो. १९२८ मध्ये त्या प्रांतिक विधिमंडळात आल्या त्या सरकारनियुक्त सभासद म्हणून. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने स्त्री-मतदार वाढल्या, पण अनेकींची पात्रता पतीच्या मालमत्तेवरून ठरे. १९३७ मध्ये अनसूयाबाई निवडून आल्या व मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या निवडणुकीत त्या नागपूरच्या खासदार झाल्या. १९५७ मध्ये पुन्हा. नियुक्ती, मर्यादित मत आणि सार्वत्रिक मत हे तिन्ही टप्पे एकाच बाईच्या आयुष्यात येतात, म्हणून येथे त्यांना अधिक जागा दिली आहे. त्याच पहिल्या निवडणुकीत अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच नोंद असलेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांना देशभरात यादीतून वगळावे लागले, हेही विसरता येत नाही.

मतदानाची पद्धत : १९५२ मध्ये प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवरील चिन्ह पाहून मतदार आत मतपत्रिका टाकी. ठसा मारावा लागत नसे. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली व नंतर मतदान यंत्रे.

वयोमर्यादा : ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे किमान वय २१ ऐवजी १८ वर्षे.

महापालिका : मार्च १९५१ मध्ये महापालिका अस्तित्वात आली; बॅ. शेषराव वानखेडे पहिले महापौर. ७४ व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ च्या राज्य कायद्याने निम्म्या. प्रभागरचना मात्र सतत बदलली : २००२ मध्ये तीन सदस्य, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. चार सदस्यांच्या प्रभागात मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण दाबावे लागते. आपला नगरसेवक नेमका कोण, हे अशा प्रभागात सामान्य नागरिकाला सांगणे अवघड जाते. हा या पद्धतीचा गंभीर दोष होय. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गीय आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणूक लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढील मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले.