सातबारा आणि आमचं इंटिग्रेशन

सोमवार ते शुक्रवार माझं काम एकच. एका सॉफ्टवेअरमधली विक्री आणि दुसऱ्यातला हिशोब उचलायचा, एका साच्यात बसवायचा आणि क्लाऊडवरच्या प्लॅटफॉर्ममधून पुढे पाठवायचा. गेल्या शनिवारी भोर तालुक्यात, भोंगवलीला गेलो आणि कळलं, हा उद्योग फार जुना आहे!

सातबारा म्हणजे मुळात दोन कागद. गाव नमुना ७ मध्ये जमिनीचा मालक, १२ मध्ये पीक. दोघांना जोडतो गट नंबर. आमच्या भाषेत 'की'. नमुना ६, म्हणजे फेरफार, ही बदलांची लॉग फाईल.

८ मार्च १९४८ ला पंतसचिवांचं भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. एका राज्याचा कारभार दुसऱ्यात घालायचा, म्हणजे मायग्रेशनच की. पुढे एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर झालं. १ गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर. हे ट्रान्सफॉर्मेशन. आता ई-फेरफारमुळे खरेदीखत नोंदवलं, की माहिती आपोआप महसूल खात्याकडे जाते.

पण आमचं गाडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. आजोबांच्या वारसांत आत्याचं नावच नाही. तेव्हा घरच्यांनी ते सांगितलंच नव्हतं. कागदावर नव्हतं, म्हणून संगणकावरही आलं नाही. सिस्टिम चुकली नाही. तिने आमची चूक इमानदारीत पुढे नेली. डेटा कितीही जोडा, मुळात जे लिहिलंच नाही ते कुठून येणार?

आत्याला फोन केला. म्हणाली, "असू दे रे आता."

असू कसं द्यायचं? सोमवारी रजा टाकलीय. अर्ज मीच लिहिणार आहे.