भाड्याच्या घरातील नादुरुस्त उपकरणे आणि दुरुस्तीची जबाबदारी : पेण व रोहा शहरांच्या संदर्भात

भाड्याच्या घरातील गिझर बंद पडला, छताचा पंखा जळाला किंवा पाण्याचा पंप बिघडला, तर त्याचा खर्च घरमालकाने सोसावयाचा की राहणाऱ्याने, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु त्याचे उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या कायद्याच्या घडणीत दडलेले आहे. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्याच्या गावी कौलारू घरे आणि सदनिकांच्या इमारती शेजारी शेजारी दिसतात. त्यामुळे या घडणीचा विचार तेथील वस्तीच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने दुरुस्तीचा भार मालकावर सरसकट टाकलेला नाही. कलम १०८ नुसार, जी दुरुस्ती करण्यास मालक बांधील आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून खर्च सव्याज भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र बांधिलकी मुळात करारातून यावयास हवी. उलट, वाजवी झीज व अनिवार्य आपत्ती वगळता वास्तू घेतली तशी परत करण्याचे दायित्व भाडेकरूवर आहे. जेथे मृगापूर्वी घर शाकारल्याखेरीज पावसाळा निभत नाही, त्या कोकणात 'वाजवी झीज' या शब्दांचा अर्थ काय घ्यावयाचा, हे कायद्याने सांगितले नाही.

या स्थितीत खरा पालट झाला तो मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ मुळे. अनुसूचीतील व शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांपुरता का होईना, कलम २३ ने वास्तू सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूस दुरुस्ती स्वतः करता येई, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-षष्ठांशापलीकडे वजावट मिळत नसे. मासिक भाडे १२ रुपये असेल तर वर्षाची मर्यादा २४ रुपये! त्यातच प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधलेले असल्याने मालकाला खर्चाचा उत्साह उरला नाही, आणि भाडेकरूच्या हक्कालाही बळ आले नाही. भाडे असे गोठवून ठेवणे अवाजवी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणी १९९७ मध्ये म्हटले. तोवर अर्धशतक लोटले होते.

उपकरणांच्या दृष्टीने याच अधिनियमातील 'वास्तू'ची व्याख्या अधिक महत्त्वाची आहे. इमारतीत वापरासाठी मालकाने दिलेले सामान आणि तिच्या अधिक उपभोगासाठी जोडलेल्या बसविलेल्या वस्तू यांचा तीत समावेश होता. म्हणजे मालकाने छताला टांगलेला पंखा हा वास्तूचाच भाग ठरू शकतो. भाडेकरूने स्वतः आणलेला मिक्सर मात्र कधीच नाही. दिवाळखत वा भाडेपावतीत पंख्याचा उल्लेख नसेल, तर तो कोणी बसविला याच मुद्द्यावर वाद अडतो.

विजेची गोष्टही येथे नोंदविण्यासारखी आहे. १९२७ पासून भिरा येथे टाटांच्या जलविद्युत केंद्रातून निर्माण होणारी वीज मुंबईकडे जाई, आणि वीज काढून घेतलेले पाणी कुंडलिकेतून रोह्याजवळून वाहत जाई. घरोघरी उपकरणे येण्यास मात्र पुढील काही दशके जावी लागली. धाटावची औद्योगिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना यांमुळे बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्यांना सुसज्ज घरे भाड्याने हवी झाली. गिझर, पंखे, पुढे वातानुकूलन यंत्रही 'घरासोबत' मिळू लागले.

नेमक्या याच काळात राहणाऱ्याचा कायदेशीर दर्जा बदलला. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानले. मात्र त्यानंतर 'लिव्ह अँड लायसन्स' हीच रूढ पद्धत झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १४ ने वजावटीची मर्यादा एक-चतुर्थांश केली. पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास कलम २९ ने मज्जाव केला. परंतु ही संरक्षणे 'भाडेकरू'ची आहेत. परवानाधारकाच्या वाट्यास येते ते कलम २४, म्हणजे मुदत संपताच घर न सोडल्यास दुप्पट शुल्क. घरात उपकरणे वाढली आणि त्यांच्या दुरुस्तीचा वैधानिक हक्क असलेला रहिवासी कमी झाला, असा हा विरोधाभास आहे. नोंदणीची सक्ती करणाऱ्या कलम ५५ मुळे करारपत्र तरी हाती येते. त्याच्या परिशिष्टातील वस्तूंच्या यादीत गिझर चालू स्थितीत दिला असल्याची एक ओळ असेल, तर वाद तेथेच मिटतो.

केंद्राने २०२१ मध्ये मांडलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाने याची स्पष्ट विभागणी केली आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर अंतर्गत व बाह्य वायरिंग आणि नळवाहिन्या मालकाकडे. गिझर, स्विच, सॉकेट व नळ यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही. झिजलेला गिझर मुळात मालकानेच बसविला असला, तरी त्याची दुरुस्ती भाडेकरूने करावी, हे वाटप न्याय्य मानणे कठीण आहे. परवानाधारकासाठी आजही आधार उरतो तो १८८२ च्याच भारतीय सुविधाधिकार अधिनियमातील कलम ५७ चा. जीवितास वा मालमत्तेस धोका पोहोचविणारा, मालकास ठाऊक असलेला व परवानाधारकास ठाऊक नसलेला दोष उघड करण्याचे बंधन त्याने मालकावर घातले आहे. शॉक देणारा गिझर त्यात बसतो, पाणी न तापविणारा बसत नाही.