नजला, अर्धशिशी आणि सायनस : एका डोकेदुखीच्या नावांचा इतिहास

होळकरांच्या काळापासून इंदूर हे मराठी, उर्दू, हिंदी आणि माळवी बोलणाऱ्यांचे शहर आहे. नाक चोंदून कपाळ ठणकू लागले की मराठी घरात त्याला ‘पडसे’ म्हणत, उर्दू घरात ‘नजला’. आज दोन्ही घरांत ‘सायनस’ हाच शब्द ऐकू येतो. प्रत्येक नावामागे रोगाविषयीची एक कल्पना असते आणि उपचारही तिच्याच मागोमाग जातो. प्रस्तुत लेखात या नावांचा थोडक्यात मागोवा घेतला आहे.

‘नजला’ हा अरबी शब्द ‘उतरणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मेंदूत साठलेला ओलावा खाली झिरपतो, ही ग्रीक वैद्यकातील समजूत युनानी तिब्बने स्वीकारली. इब्न सीना (980–1037) यांच्या ‘अल-कानून’ परंपरेत हा स्राव नाकाकडे वळला तर ‘जुकाम’ आणि घशाकडे उतरला तर ‘नजला’, असा भेद केला जातो. नजला दुर्बल अवयवावरच पडतो, ही म्हण उर्दूत त्यातूनच रूढ झाली.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘सूर्यावर्त’ सांगितला आहे. ही वेदना सूर्याबरोबर चढते आणि सूर्याबरोबरच उतरते. त्याच ग्रंथातील ‘अर्धावभेदक’ म्हणजे आपली अर्धशिशी. युनानीत तिला ‘शकीका’ म्हणतात. अर्धशिशी हे वेगळे दुखणे आहे, हे दोन्ही परंपरांनी ओळखले होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे 1651 मध्ये इंग्लंडच्या नॅथॅनियल हायमोर यांनी गालाच्या हाडातील पोकळीचे वर्णन प्रसिद्ध केले. 1660 नंतर जर्मनीच्या श्नायडर यांनी दाखवून दिले की, हा स्राव मेंदूतून येत नसून नाकाच्या अस्तरातच तयार होतो. नजल्याची जुनी उपपत्ती तेथे संपली, शब्द मात्र उरला. इंदुरात 1878 मध्ये वैद्यकीय शाळा आणि 1948 मध्ये महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर ‘सायनस’ हा शब्दही घरोघरी रुळला.

परंतु नवे नावही निर्दोष नाही. ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे मानणाऱ्या 2,991 रुग्णांची अमेरिकेत तपासणी झाली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 88 टक्के रुग्णांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. अर्धशिशीतही नाक वाहते, डोळे पाणावतात. म्हणून गफलत होते. परिणामी अनेक रुग्ण वर्षानुवर्षे अँटिबायोटिक घेत राहतात आणि खरे दुखणे उपचाराविना राहते.

सायनसच्या खऱ्या दाहात घट्ट, पिवळा-हिरवा स्राव येतो, नाक बंद होते आणि वास कमी येतो. तो बहुधा विषाणूंमुळे होतो व दहा दिवसांत ओसरतो. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास आराम पडतो. उलट मळमळ होत असेल, उजेड सहन होत नसेल आणि दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल, तर अर्धशिशीची तपासणी करून घ्यावी. डोळ्याभोवती सूज, अंधुक दृष्टी किंवा ताठ मान ही लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

सारांश, नाव जुने असो वा नवे, नाव म्हणजे निदान नव्हे.