धन्वंतरी आणि धन

धनत्रयोदशीला आपल्याकडे धनाची पूजा होते. ताम्हणात नाणी मांडायची, धणे-गुळाचा नैवेद्य दाखवायचा आणि तिन्हीसांजेला दक्षिणेकडे वात करून यमदीप लावायचा. त्याच दिवशी वैद्यमंडळी धन्वंतरीचे पूजन करतात. त्यांचा प्रसाद कडुनिंबाचा पाला आणि साखर. धन, वैद्य आणि यम या तिघांची गाठ आपल्या पूर्वजांनी एकाच तिथीला घातली. संसारातही हे तिघे बहुधा बरोबरच दारी येतात. वैद्याला बोलवावे तर धन लागते, आणि धन नसले म्हणजे यमाला आमंत्रण धाडावे लागत नाही.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी म्हण आहे. ती अपुरी आहे, कारण दुखणे रिकाम्या हातांनी कधी जात नाही. मी शाळामास्तर. हजेरीपटावर एखाद्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा लागोपाठ पडू लागल्या, की पुष्कळदा चौकशीआधीच उत्तर ठाऊक असते: घरात कोणीतरी अंथरुणाला खिळले आहे. आधी बैलजोडी बाजारात जाते, मग शेत गहाण पडते, आणि शेवटी पोरीची शाळा सुटते. रोग बापाला होतो, शिक्षा मुलीला. म्हणूनच दवाखान्याचा खर्च कोणी सोसावा, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास या सणाच्या अंकात सांगावासा वाटला.

पुसेगाव म्हटले की पुष्कळांना सातारा जिल्ह्यातले सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. मी बोलतो आहे ते हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावाविषयी. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या राज्यात वैद्यकविद्या नव्हती असे मुळीच नव्हे. भुलीसाठी क्लोरोफॉर्म कितपत निर्धोक, हे ठरवण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेस दोन मंडळे बसली, आणि दुसऱ्या खेपेस विलायतेहून तज्ज्ञ आणण्यासाठी निजामाने पदरचे पैसे दिले. साऱ्या वैद्यकीय जगात त्याची चर्चा झाली. पण राजधानीत भूल देण्याचे शास्त्र पारखले जात होते म्हणून खेड्यातल्या बाळंतिणीचे हाल थोडेच थांबणार! मराठवाड्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळायला १९५६ साल उजाडले, तेही औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. हिंगोलीला ते लाभले २०२४ साली. विद्या असते एका ठिकाणी आणि रोगी दुसऱ्या ठिकाणी. मधले अंतर पैशाने तोडावे लागते.

हे अंतर तोडण्याचा पहिला मोठा आराखडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सर जोसेफ भोर नाशिकला जन्मलेले. १९४३ साली सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व आजही ध्यानात ठेवण्याजोगे आहे: पैसे देता येत नाहीत एवढ्या कारणाने कोणीही माणूस योग्य उपचाराला मुकता कामा नये. पण समिती केवळ तत्त्व सांगून थांबली नाही. आरंभी ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे आणि पुढे १०,००० ते २०,००० लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय असावे, असा तिचा हिशेब होता. आधी वैद्य गावाजवळ न्यायचा, आणि त्याच्या दारात पैशाची अट ठेवायची नाही, असा तो क्रम होता.

एवढे सगळे श्रीमंत देशालाच परवडते, असे आपल्याकडे नेहमी म्हटले जाते. इतिहासाची साक्ष निराळी आहे. ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी साऱ्या प्रजेसाठी सरकारी खर्चाची आरोग्यसेवा सुरू केली, तेव्हा तो देश महायुद्धाने पोळलेला होता आणि लोक रेशनवर दिवस काढत होते. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्त झाला. अगदी अलीकडे, २००२ साली थायलंडने प्रत्येक खेपेला अवघे ३० बाट घेऊन उपचार देण्याची व्यवस्था देशभर केली. तोही काही कुबेराचा देश नव्हे. पण तालुक्यातालुक्यांतून रुग्णालये त्याने आधीच उभी केली होती.

आपण काय केले? १९४८ सालीच कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याचा आरंभ झाला. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाकडून थोडे, आणि आजारपणात औषधपाणी. योजना चांगलीच होती. १९५४ साली केंद्र सरकारच्या नोकरांचीही तशी सोय झाली. पण दुसऱ्याच्या बांधावर खुरपणारी बाई कोणाच्या हजेरीपटावर होती? तिला ना मालकाचा शिक्का, ना पगाराची पावती. ज्याचे नाव कागदावर होते त्याला आधी छत्र मिळाले. उघड्यावरचा उघड्यावरच राहिला.

त्या उघड्यावरच्या माणसाकडे महाराष्ट्राचे लक्ष हळूहळू वळले. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचे नांदेड होते, हिंगोली नव्हते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १८९७ साली देह ठेवणाऱ्या सावित्रीबाईंच्या घराण्याचे हे नाव. पुढे १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न पाहता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण लागू झाले. त्याआधी १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार निःशुल्क झालेच होते. भोर समितीच्या अहवालानंतर ७८ वर्षांनी तिचे तत्त्व आपल्या राज्याच्या कागदावर उतरले. हे थोडे नव्हे. त्याचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे.

परंतु क्रम उलटा झाला. वैद्य जवळ येण्याआधी कार्ड जवळ आले. कार्ड प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, पोराचा ताप, मोटारभाडे आणि सोबत्याची बुडालेली रोजी हा खर्च कार्डाच्या बाहेर राहतो. देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या १०० रुपयांतले ६४ रुपये २०१३-१४ साली लोक थेट स्वतःच्या खिशातून देत होते. २०२१-२२ साली हा आकडा ३९ वर आला. उतार मोठा आहे, पण ते ३९ रुपयेही ज्याच्या खिशात नसतात त्याच्यासाठी उतार अजून संपलेला नाही. गोळी वेळेवर मिळाली नाही म्हणून ज्याला झटका आला, त्याला पाच लाखांचे कार्ड दाखवणे म्हणजे विहिरीला कठडा न बांधता काठावर दोर ठेवण्यासारखे आहे.

‘फुकटाची किंमत नसते,’ असा आक्षेप पारावर हटकून निघतो. त्याला उत्तर आपल्या शेजारीच आहे. पैनगंगा ओलांडून विदर्भात जा. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या सुमारास भोवतालच्या खेड्यांत आरोग्यविमा आणला; त्याचा हप्ता होता ज्वारीचा. सुगीत रास पडली की ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे ज्वारी घालायची. शेतमजुराने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने अधिक. गावातली बहुसंख्य घरे आली तरच गाव योजनेत. आजारी पडल्यावर मात्र मजुराला आणि बागायतदाराला उपचार सारखाच. यात फुकट कोणालाच काही नव्हते. फक्त पैसे मागण्याची वेळ बदलली होती: दुखण्याच्या रात्री नव्हे, सुगीच्या दिवशी.

सर्वांसाठी आरोग्यसेवा म्हणजे तरी दुसरे काय? कर हीच आपल्या साऱ्या देशाची ज्वारी. आगपेटी घेणारा मजूरही तो भरत असतो. तेव्हा दवाखान्यात तो हात पसरायला येत नाही. आपण घातलेल्या राशीतला वाटा घ्यायला येतो. ती रास आता केवळ शहरातल्या मोठ्या इमारतींत न ओतता पुसेगावसारख्या गावांच्या वेशीपर्यंत पोचवली पाहिजे: रोज हजर असणारा डॉक्टर, कपाटात शिल्लक असलेले औषध, आणि रात्री-अपरात्री येणारी गाडी. तसे झाले, की माझ्या हजेरीपटावरच्या निदान काही गैरहजेरीच्या खुणा तरी कमी होतील.